भाजेपर्यंत बी

उमरखेडात मला भरता न येणारा अर्ज अजून निघायचा आहे, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते. बसस्टँडच्या मागे माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा, पासपोर्ट, कोणी काहीही घेऊन यावं, आरजू करून देते. साइट बंद पडली की लोक माझ्यावर चिडतात आणि मी साइटवर, हा आमचा रोजचा शिरस्ता. त्यामुळे अम्मीची पिशवी विमानतळावर अडकली तेव्हा मला वाईट वाटण्याआधी राग आला. कुठला तरी अर्ज राहिला असेल, भरला की झालं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पिशवीत कॉफी होती. खरं तर कॉफी नव्हती, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

माझे अब्बा, जब्बार, म्हणजे उमरखेडचे फुटाणेवाले. गुजरीच्या कोपऱ्यावर, भाजीवाल्यांच्या रांगेला लागून आमची भट्टी. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर मोठी कढई, कढईत तापलेली रेती, रेतीत हरभरा. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी घरचा हरभरा आणायचे आणि फुटाणे करून न्यायचे. घरी आम्ही हिंदी, उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी बोलतो. इथं ती वाचणाऱ्याला पचेल एवढीच वाढते आहे. भट्टीवरचे शब्द मात्र पहिल्यापासून मराठीच, कारण गिऱ्हाईक मराठी. त्यातले दोन शब्द आमच्या घरचे खास. भट्टीवर जे काही न भाजलेलं येतं, हरभरा असो, मका असो, त्याला आम्ही ‘बी’ म्हणतो. भाजून उतरलं की तो ‘दाणा’. अब्बांचे अब्बाही असंच बोलायचे, आणि दुसरीकडे असं बोलत नाहीत हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं.

अब्बा भाजायचे ते नाकानं. हरभरा फुटायला लागला की कढईत एकच गलका उठतो आणि तो शेवटपर्यंत थांबत नाही, त्यामुळे कानाला काही कळत नाही. रेतीत रंगही नीट दिसत नाही. कधी उतरवायचं ते वासच सांगतो. करोनात आमच्या घरात सगळ्यांचाच वास गेला. आमचा परत आला. अब्बांचा आलाच नाही, आणि हे त्यांनी आम्हाला कळूही दिलं नाही.

कळलं ते पुंडलिकरावांच्या हरभऱ्यामुळे. पुंडलिकराव जवळच्याच खेड्यातले कापूसवाले शेतकरी, अब्बांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचा हरभरा कढईत करपत होता आणि अब्बा शांतपणे झारा फिरवत होते. शेवटी पुंडलिकरावच ओरडले, “जब्बारभाई, जळून राह्यलं ना बाप्पा! वास नाही येऊन राह्यला का तुमाले?” अब्बांनी झारा खाली ठेवला. तो ठेवला तो ठेवलाच.

आता त्याच दुकानात ते कारखान्यातले पाकीटबंद फुटाणे विकतात. कढई उलटी घातलेली, आणि तिच्यावर पाकिटांचा खोका. आम्ही काय कमी उपाय केले? माझा भाऊ साद मेकॅनिक आहे, त्यानं कढईची उष्णता मोजायचं यंत्र आणलं. अब्बा म्हणाले, “मशीन भाजन, त मी काय करू? बसून पाहू?” डॉक्टर झाले, वास परत यावा म्हणून रोज हुंगायच्या कुप्या झाल्या. “माह्यावर उपकार करू नका,” म्हणून सगळं परत पाठवलं. घरात ‘वास’ हा शब्द बोलायची सोय राहिली नाही. गॅसवर भाजी लागली तरी आम्ही चोरासारखे जाऊन गॅस बंद करायचो.

यंदा अम्मी सादबरोबर उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, जाऊन आली. माझी अम्मी, कमरुन्निसा, भडभुंज्याची बायको. मक्केत गेली तरी तिची नजर भाजणाऱ्यावर जाणारच. मुक्कामाच्या गल्लीत एक म्हातारा लोखंडी तव्यावर कॉफी भाजायचा. अम्मीच्या लक्षात आलं की हा तव्याकडे बघतच नाही. शेजाऱ्याशी गप्पा मारतो, कान मात्र तव्याकडे. बी तडतडायला लागतं, तडतडून झालं की एकदम गप्प होतं, आणि गप्प झालं की हा न बघता तवा उतरवतो. अम्मी रोज नमाजाहून येताना तिथं जाऊन बसायला लागली. शेवटी खाणाखुणा करून तिनं त्याच्याकडून न भाजलेलं बी मागून घेतलं आणि अब्बांना फोन केला.

“तुमच्यासाठी अशी चीज आणून राह्यली, का नाही म्हणताच येणार नाही.”

खरंच म्हणता आलं नसतं. मक्केहून आणलेली भेट म्हणजे तबर्रुक, बरकतीची वस्तू. यंत्र नाकारता येतं, डॉक्टर नाकारता येतो, तबर्रुक नाही. ते बी हातात आल्यावर अब्बांना भाजावंच लागलं असतं, आणि भाजायला नाक लागलं नसतं. इतकं हुशारीचं काम आमच्या घरात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

मुंबईच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, “या पिशवीत काय आहे?”

“कॉफी,” साद म्हणाला.

अम्मी नुकती उमरा करून आलेली. ती अर्धवट खरं तरी कशाला बोलेल? “नाही बाई, कॉफी नाही झाली अजून. बी हाय थे.”

“बी?” बाईंनी पिशवी उघडली. आत फिकट हिरवं. “पेरायला आणलंय?”

“नाही वं माय, भट्टीसाठी. भाजलं का मंग दाणा होते.”

बाईंना दाणा समजला नाही, बी तेवढं बरोबर समजलं. पिशवी ठेवून घेतली, पावती दिली, आणि ठरलेल्या मुदतीत कागदपत्रं आणली तर बघू असं सांगितलं. उमरखेडपर्यंत साद एकच वाक्य घोकत आला. “अम्मी, तू काहून बी म्हनली?”

घरी अब्बांनी मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी घेतलं, खजूर घेतला आणि हात पुसत तसेच बसून राहिले. मग म्हणाले, “अन् थे दुसरं?”

साद पटकन म्हणाला, “मागून येऊन राह्यलं, अब्बा. सामान जास्त झालतं.” अम्मीनं त्याच्याकडे रोखून पाहिलं, पण ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले तर कढईवरचा पाकिटांचा खोका खाली उतरवलेला. कढई अजून उलटीच होती, फक्त खोका काढला होता. मी हे घरी सांगितलं तेव्हा अम्मीनं ओढणी डोळ्यांना लावली.

मग मी कामाला लागले. नियम काढून वाचायला बसले आणि माझा सगळा तोरा उतरला. बाहेरच्या देशातून न भाजलेलं कॉफीचं बी आणायचं तर पहिला प्रश्न हा की कशासाठी, पेरायला की खायला? पेरायला म्हटलं तर एकामागून एक दारं बंदच होत जातात. खायला म्हटलं तरी आधी आयातीचा परवाना. मग जिथं ते पिकलं त्या देशाच्या सरकारचं प्रमाणपत्र, की यात कीड नाही, बुरशी नाही, माती नाही. धुरी दिल्याचा दाखला. इथं उतरल्यावर तपासणी, नमुना. ते झालं की खाण्यालायक आहे का हे बघणारे वेगळेच. आणि म्हाताऱ्याच्या तव्याजवळचं ते बी पिकलं कुठं होतं? येमेनमध्ये, इथिओपियात, का आणखी कुठं? म्हातारा आणि अम्मी खाणाखुणांनी बोलले होते. खाणाखुणांत एवढं कुठलं विचारता येतं?

भाजलेल्या कॉफीला यातली रोपांच्या रोगराईची भानगड नव्हती. ते वाचल्यावर मी खुर्चीत मागे टेकले. साद समजत होता की अम्मीचा शब्द चुकला. मीही तेच धरून चालले होते. पण सादनं हजारदा कॉफी म्हटलं असतं तरी काही उपयोग नव्हता, कारण कायदा अम्मीचीच भाषा बोलत होता. भाजेपर्यंत ते बी. ते जिवंत असू शकतं, ओल मिळाली तर उगवू शकतं, आणि त्याच्या पोटात दुसरंही काही जिवंत लपलेलं असू शकतं. भाजलं की मग त्याची कुणाला भीती नाही. सरकारची रेघ बरोबर आमच्या भट्टीवरून जात होती. मला हसू आलं आणि मग पुन्हा राग आला, कारण रेघ कळली म्हणून पिशवी सुटणार नव्हती.

पुंडलिकराव पीकविम्याच्या कामाला केंद्रात आले होते. मी सगळा राग त्यांच्यासमोर काढला.

“एवढ्याशा पिशवीनं देशाचं काय वाकडं होणार होतं, काका?”

ते खुर्ची ओढून बसले. “आरजू, गुलाबी बोंडअळी माहीत हाय ना तुले? थे काय ट्रक भरून आलती का माह्या वावरात? बोंड वरून पाह्यलं त कसं दिसते? एकदम झकास. अन् फोडलं का अंदर अळी बसून राह्यते. मले पह्यल्या वर्षी समजलंच नाही. मी आपला खुशीत, बोंडं मोजून राह्यलो.” त्यांनी विम्याचे कागद मांडीवर ठेवले. “ज्यायच्याकडे कॉफीच्या बागा हाय, त्यायनं काय करावं? थ्या बाईनं बरोबर केलं.”

“आणि अब्बांचं?”

“थे बरोबर नाही झालं,” ते लगेच म्हणाले.

दोन्ही त्यांना मनापासून वाटत होतं, आणि मला दोन्हींत खोट काढता येईना. वादावादीत मी सहसा हरत नाही. त्या दिवशी हरायलाही कुणी समोर नव्हतं.

तरी मी पावतीवरच्या नंबरावर फोन केला. त्याच बाई निघाल्या. आवाज थकलेला होता, पण तुसडा नव्हता. मी माझे प्रश्न विचारले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मुदत संपली हो. ते बी भट्टीत गेलं.”

“भट्टीत?”

“जाळायची भट्टी असते ना. असं अडकलेलं सगळंच जाळतो आम्ही, कीड राहू नये म्हणून.” मग म्हणाल्या, “तुमच्या आई नाराज असतील ना? आठवतात मला त्या. भाजलं की दाणा होतो म्हणत होत्या.”

मी फोन ठेवला आणि शटर अर्धं ओढून बसले. अम्मीनं भट्टीसाठी आणलेलं बी भट्टीतच गेलं होतं, फक्त दुसऱ्याच. मला रडू आलं, आणि ते मी कुणाला दाखवलं नाही.

इकडे अब्बा चार दिवसांआड विचारत होते, “मागचं सामान आलं का?” विचारायचे ते दुसरीकडे बघत, सहज आठवल्यासारखं. त्यांचं ते दुसरीकडे बघणं मला सहन होईना. आणि मग मला ती गोष्ट सुचली जी आधीच सुचायला हवी होती. कॉफी आपल्याच देशात पिकते. कर्नाटकातल्या एका बागेतलं न भाजलेलं बी मी मोबाइलवर मागवलं. ना परवाना, ना दाखला. कुरिअरवाल्यानं केंद्रात आणून टेबलावर टाकलं आणि सही घेऊन गेला. तसंच फिकट हिरवं. अम्मीच्या सामानात मक्केतल्या अत्तरवाल्याची एक कापडी पिशवी होती. त्यात मी ते ओतलं, तोंडाला दोरी बांधली आणि अम्मीपुढे ठेवलं.

“आलं म्हणून सांग.”

अम्मीनं पिशवी उघडली, मूठभर बी नाकाशी नेलं. “हे थे नाही.”

“नसू दे. अब्बांना थोडाच वास येतो!”

तोंडून निघून गेलं आणि मला माझीच लाज वाटली. अम्मी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे ज्याले वास येत नाही, त्याले फसवाचं?” ती म्हणाली. “अन् थेही मक्केचं नाव घेऊन? सादनं खोटं सांगतलं, मी चूप राह्यली. तवापासून माहं नमाजात मन लागून नाही राह्यलं, आरजू.” तिनं चपला घातल्या. “चाल. घे थे पिशवी.”

ऊन उतरलं होतं. गुजरीत भाजीवाल्यांचा ओरडा चालू होता. दुकानात अब्बा गल्ल्यावर, आणि पुंडलिकराव समोरच्या बाकड्यावर चहा पीत बसलेले. अम्मीनं कुणाची पर्वा न करता उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तो म्हातारा, त्याचा तवा, तडतडणं, मग गप्प होणं, विमानतळ, ती बाई. मागून काहीच येत नाही. आणि त्या लोकांनी ते जाळलं.

अब्बांनी खाली उतरवलेल्या खोक्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं. आता हे खोका उचलून परत कढईवर ठेवतील.

“जाळलं?” ते म्हणाले.

“हो.”

“भाजलं नाही, जाळलं?”

“कीड राहू नये म्हणून, अब्बा,” मी म्हणाले. “नियम आहे तसा.”

“नियमाले मी काही म्हनून राह्यलो का? कीड येऊ नये, बरोबर हाय.” त्यांचा आवाज चढला. इतका चढलेला मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. “पर कीड त भाजल्यानंही मरते! भाजलं असतं त कीडही मेली असती अन् दाणाही वाचला असता. चांगलं बी जाळून टाकलं? भट्टी होती ना त्यायच्यापाशी? मंग भट्टीवर मानूस नव्हता का एखांदा? मले पाठवाचं होतं!”

पुंडलिकरावांनी कप खाली ठेवला. “कुठं पाठवते थे बाई, जब्बारभाई? तुमची भट्टी त बंद हाय.”

अब्बांनी त्यांच्याकडे पाहिलं. अम्मीनं पाहिलं. मला वाटलं, काकांनी हे बोलायला नको होतं. पण पुंडलिकरावांनी नजर हटवली नाही, आणि त्यांचे डोळे भरलेले होते.

“थ्या पिशवीत काय हाय?” अब्बांनी मला विचारलं.

“हे मक्केचं नाही, अब्बा. कर्नाटकातलं आहे, मी मागवलं. मक्केचं म्हणून तुम्हाला देणार होते. अम्मीनं देऊ दिलं नाही.”

“बी हाय ना?”

“बी आहे.”

“मंग सरक तिकडे.”

त्यांनी कढई सरळ केली. तळाशी कोळ्यानं घर केलं होतं, ते पुसलं. मी रेतीचा डबा पुढे केला तर माझ्यावरच खेकसले, “रेती कायले? रेतीत ऐकू येते का?” पुंडलिकरावांनी भट्टीमागे पडलेली पऱ्हाटी मोडून जाळ घातला. जुनी, खडखडीत वाळलेली होती, लगेच पेटली. अम्मी भट्टीच्या कडेला उकिडवी बसली. “पह्यले तडतडन. मंग गप्प होईन. गप्प झालं का लगेच उतरवाचं. पुन्हा आवाज आला त उशीर झाला समजा.”

“समजलं,” अब्बा म्हणाले. नव्या पोराला मास्तरानं सांगावं तसं ते ऐकून घेत होते.

भट्टी पेटलेली बघून भाजीवाले गोळा झाले. कुणी म्हणालं, जब्बारभाईनं सुरू केली वाटते. कुणी फुटाणे मागितले. “चूप बसा सारे!” अब्बा ओरडले. “मले ऐकू द्या.” एकानं गाडी चालू केली होती, ती त्यानं बंद केली. अख्खा कोपरा गप्प झाला. झाऱ्याचा कढईवर घासल्याचा आवाज तेवढा येत होता. हिरवं बी पिवळं झालं, मग बदामी. अब्बा कढईकडे बघत नव्हते. मान एका बाजूला कलती, डोळे मिटलेले.

तड. मग आणखी एक. मग सगळीकडून, तव्यावर मोहरी तडतडते तसं. पुंडलिकराव अम्मीकडे बघायला लागले, अम्मी अब्बांकडे. अब्बांचा झारा सारखा फिरत होता. आवाज विरळ झाला. एखादं उशिरा फुटलेलं बी, मग तेही नाही. आम्हाला थांबलं असं वाटायच्या आधीच अब्बांनी कढई उचलली आणि चाळणीत उपडी केली.

चिंचोक्याच्या रंगाचे दाणे होते. एकही करपलेला नव्हता. अब्बांनी चाळणी हलवली, फुंकर मारून टरफल उडवलं आणि सवयीनं खाली वाकून नाक दाण्यांजवळ नेलं. तसेच वाकून राहिले.

मग ते सरळ झाले आणि चाळणी अम्मीपुढे धरली.

“कमरुन, वास सांग.”

हा शब्द आमच्या घरात कितीतरी दिवसांनी उच्चारला गेला होता, आणि तोही त्यांनीच. अम्मीनं वाकून हुंगलं. पुन्हा हुंगलं. पण तिच्या डोळ्यांना मघापासूनच धार लागली होती.

“थांबा,” ती ओढणीनं नाक पुसत म्हणाली. “नाक भरलं माहं. मले काहीच येऊन नाही राह्यलं.”

अब्बा तिच्याकडे बघत राहिले आणि खो खो हसायला लागले. गुजरीतल्या लोकांना काही कळेना, तरी तेही हसले.

“घ्या, आता समजलं हिले माहं,” अब्बा म्हणाले, आणि चाळणी माझ्याकडे सरकवली. “आरजू, तू सांग.”

मी वाकले, आणि जसा येत होता तसा सांगत गेले.